विम्याची सक्ती, दंड आणि ‘मला नको’ म्हणण्याचा हक्क

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २८, प्रकृती ठणठणीत, न्यू जर्सीत एडिसनला राहणं, कंत्राटी काम, वर्षाचं उत्पन्न ७० हजार डॉलर. कंपनीकडून आरोग्य विमा मिळत नाही. स्वतः घेतला तर महिना साडेतीनशे डॉलर, आणि नाही घेतला तर राज्य सरकार रिटर्नमध्ये दंड आकारतं. ‘मी आजारी पडत नाही, कुणाचं काही बिघडवत नाही, मग हा माझ्या स्वातंत्र्यावर घाला नाही का? भारतात तर मेडिक्लेम घ्या नाहीतर राहू द्या, कोणी विचारत नाही.’

घाला आहेच. तो नाहीच असं सांगून सक्तीची बाजू मांडणारे स्वतःचीच बाजू लंगडी करतात. पण सक्ती एका ठिकाणाहून उचलली की ती कुठेतरी दुसरीकडे जाऊन बसते: विमा कंपनीवर, हॉस्पिटलवर, करदात्यावर, नाहीतर तुमच्याच पंचेचाळिशीवर. कुठे बसवली की कमी बोचते, एवढाच प्रश्न खरा उरतो.

आधी तुमचा आकडा काढू. न्यू जर्सीचा दंड, कागदोपत्री ‘शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी पेमेंट’, दोन पद्धतींनी मोजतात आणि मोठी रक्कम लागू होते. पहिली पद्धत माणशी ठरावीक रकमेची: प्रौढाला ६९५ डॉलर, मुलाला त्याच्या निम्मे. दुसरी, रिटर्न भरण्याच्या किमान मर्यादेच्या वरच्या उत्पन्नाचे अडीच टक्के. एकट्या माणसाची ही मर्यादा १० हजार डॉलर आहे. ७० हजारांतून १० हजार वजा, उरले ६० हजार, त्याचे अडीच टक्के म्हणजे १,५०० डॉलर. राज्यातल्या ब्राँझ (कमी हप्त्याच्या, जास्त खर्च स्वतः सोसायच्या) योजनेचा सरासरी हप्ता ही वरची मर्यादा, तिच्या तुम्ही बरेच खाली आहात. विमा नसलेल्या प्रत्येक महिन्याला बारावा हिस्सा, म्हणजे १२५ डॉलर. महिन्यातला एक दिवस जरी विमा असला तरी तो महिना भरला असं धरतात. तेव्हा ‘नको’ म्हटल्याने वर्षाला वाचतात ते ४,२०० डॉलर नव्हेत, २,७००. १०९९ वर, म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, काम करत असाल तर हप्ता फेडरल करपात्र उत्पन्नातूनही वजा होतो, त्यामुळे खरा फरक याहून कमी.

आता हा दंड मुळात लागतो कशासाठी ते बघू. शंभर जणांचा गट धरा, आकडे समजण्यापुरते. पाच जण गंभीर आजारी, प्रत्येकाचा वर्षाचा खर्च ४० हजार. पंधरा जणांना मधुमेह, दमा, संधिवात असं काहीतरी, प्रत्येकी १० हजार. उरलेले ऐंशी तुमच्यासारखे, प्रत्येकी १ हजार. एकूण खर्च ४ लाख ३० हजार, सगळ्यांना सारखा हप्ता लावला तर माणशी ४,३००. कंपनीचा खर्च आणि नफा बाजूला ठेवू. ऐंशीतले चाळीस म्हणतात, हजाराच्या औषधपाण्यासाठी ४,३०० कोण भरणार? ते निघाले. आता खर्च ३ लाख ९० हजार, माणसं साठ, हप्ता ६,५००. त्यावर आणखी तीस निरोगी निघतात. उरले तीस जण आणि ३ लाख ६० हजारांचा खर्च, हप्ता १२ हजार. इथवर आलं की १० हजार खर्चाचा मधुमेहीसुद्धा बाहेर राहणं स्वस्त म्हणायला लागतो. शेवटी पाच माणसं ४० हजारांच्या हप्त्यासमोर बसलेली असतात, म्हणजे विमा उरलेलाच नसतो. विम्याच्या धंद्यात याला डेथ स्पायरल म्हणतात.

हे घसरणं दोन नियम एकत्र असले की सुरू होतं: आजारी माणसाला नाकारायचं नाही, आणि त्याच्याकडून जास्त हप्ताही घ्यायचा नाही. हे दोन नियम नसतील तर तुम्हा ऐंशी जणांना हजार-बाराशेत पॉलिसी मिळेल आणि उरलेल्या वीस जणांना दारातूनच परत पाठवलं जाईल. तहान लागल्यावर विहीर खणू नये असं आपण म्हणतो. पण ज्या कायद्याने तहान लागल्यावरही त्याच भावात विहीर खणून द्यायचं कबूल केलंय, तिथे आधी कोण कशाला खणेल? भिशीत नंबर लागल्यावर हप्ते बुडवणारा निघाला तर त्याला गाठता येतं, कारण गल्ली एकच असते. लाखो अनोळखी माणसांच्या भिशीत गल्लीचं काम दंडाला करावं लागतं.

तुमच्याच राज्याने याचा अनुभव घेतलाय. न्यू जर्सीने १९९२ च्या कायद्याने वैयक्तिक विम्यात कुणालाही नाकारायचं नाही आणि सगळ्यांना एकच दर, असा नियम केला. १९९३ पासून तो अमलात आला. विमा घेण्याची सक्ती मात्र नव्हती. १९९५ अखेरीस या बाजारात सुमारे १ लाख ८६ हजार लोक होते, २००१ अखेरीस ८५ हजारांच्या आसपास उरले, आणि जे गेले त्यांत तरुण जास्त. वॉशिंग्टन राज्याचा किस्सा याहून बोलका. १९९३ च्या कायद्यात सक्ती होती, १९९५ मध्ये विधिमंडळाने ती काढून टाकली, ‘नाकारू नका’ हे लोकप्रिय कलम मात्र ठेवलं. १९९९ पर्यंत बहुतेक काउंट्यांत नवी वैयक्तिक पॉलिसी विकणारी कंपनीच राहिली नाही. स्वातंत्र्य मिळालं, पण त्या स्वातंत्र्यात विकत घ्यायला दुकानात काही नव्हतं.

‘मग नाकारू द्या कंपन्यांना’ असं म्हणणारा निदान सुसंगत बोलतो. पण त्यालाही पुढच्या दारावर उत्तर द्यावं लागतं, आणि ते दार इमर्जन्सी रूमचं आहे. १९८६ च्या एम्टाला कायद्याप्रमाणे मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) पैसे घेणाऱ्या, म्हणजे जवळपास प्रत्येक, हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाने आलेल्या माणसाला तपासायचं आणि त्याची प्रकृती स्थिर करायची, खिशात पैसे असोत वा नसोत. त्यासाठी सरकारने हॉस्पिटलला वेगळा निधी दिलेला नाही. रूट वन किंवा टर्नपाइकवर अपघात झाला तर तुमचं तत्त्वज्ञान विचारून कुणी ॲम्ब्युलन्स वळवणार नाही. ते बिल फिटलं नाही तर दुसऱ्यांच्या हप्त्यात आणि करात मिसळतं. सप्टेंबर २०११ मध्ये टॅम्पाच्या रिपब्लिकन वादसभेत रॉन पॉल यांना नेमकं हेच विचारलं होतं: तिशीतला धडधाकट माणूस, विमा घेतला नाही, कोमात गेला, पैसे कुणी द्यायचे? समाजाने त्याला मरू द्यावं का, या थेट प्रश्नावर ते ‘नाही’ म्हणाले आणि चर्च, शेजारी, मित्र यांच्याकडे बोट दाखवलं. स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्यांतला सर्वांत सरळ माणूससुद्धा तिथे ‘हो’ म्हणू शकला नाही. ‘मी कुणाचं काही बिघडवत नाही’ हे तुमचं वाक्य इथे अडतं. आज बिघडवत नाही, पण बिघडलं तर ते निस्तरायला इतरांना कायद्याने बांधून ठेवलेलं आहे.

गंमत म्हणजे सक्तीची ही कल्पना उजव्यांच्याच अंगणातली. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या अभ्याससंस्थेच्या स्टुअर्ट बटलर यांनी १९८९ मध्ये ती मांडली, १९९३ मध्ये सिनेटर जॉन चेफी यांच्या रिपब्लिकन विधेयकात ती होती, आणि २००६ मध्ये मिट रॉम्नी यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर म्हणून तिच्यावर सही केली. तेव्हा तिचं नाव होतं वैयक्तिक जबाबदारी. ओबामांनी २०१० मध्ये आपल्या आरोग्य विमा कायद्यात तीच उचलली आणि ती स्वातंत्र्यावरचा हल्ला ठरली.

सुप्रीम कोर्टाने मग काय ठरवलं? २८ जून २०१२ च्या निकालाबद्दल लोकांच्या डोक्यात दोन गैरसमज असतात. पहिला असा की कोर्टाने ‘विमा न घेण्याचा मूलभूत हक्क’ तपासला. वाद तो नव्हताच; फेडरल सरकारला असा आदेश काढायचा अधिकार राज्यघटनेने दिलाय का, एवढाच होता. सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले, व्यापार नियंत्रित करण्याच्या अधिकारात लोकांना व्यापारात ओढता येत नाही. काहीच न करणाऱ्याला ‘तू काहीतरी विकत घे’ म्हणणं त्यात बसत नाही. सुनावणीत न्यायमूर्ती स्कॅलियांनी ब्रोकोली काढली होती ती इथेच: सरकार विमा घ्यायला लावू शकतं तर उद्या ब्रोकोलीही घ्यायला लावेल. पण त्याच निकालात ५ विरुद्ध ४ मतांनी दंड टिकला, कारण कोर्टाने तो कर म्हणून वाचला: विमा घ्या, नाहीतर थोडा जास्त कर भरा. दुसरा गैरसमज तुमच्या कामाचा आहे. हा सगळा वाद फेडरल सरकारच्या अधिकारांचा होता. राज्यांना नागरिकांच्या आरोग्य-सुरक्षेसाठी कायदे करण्याचे सर्वसाधारण अधिकार आहेत, म्हणून न्यू जर्सीच्या दंडाविरुद्ध ब्रोकोलीचा मुद्दा चालत नाही.

फेडरल दंड तत्त्वापेक्षा बांधणीतच जास्त फसला. २०१४ ला तो ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा १ टक्का, २०१५ ला ३२५ किंवा २ टक्के, २०१६ पासून ६९५ किंवा अडीच टक्के, असा चढत गेला. वरच्या उदाहरणातला निरोगी माणूस आठवा: त्याचा तोटा ३,३०० चा आणि दंड पहिल्या वर्षी किमान ९५. त्यात वसुलीचे हात बांधलेले. कायद्यातच लिहिलं होतं की या दंडासाठी फौजदारी खटला नाही, मालमत्तेवर बोजा नाही, जप्ती नाही. आयआरएसने, म्हणजे फेडरल कर खात्याने, फार तर रिफंडमधून कापून घ्यायचं. रिफंड येणारच नाही अशी पगारातली कपात ठरवून घेतलेल्याला हात लावणं अवघड. म्हणजे दंड भरला तो बहुधा मध्यम उत्पन्नाच्या, दरवर्षी रिफंडची वाट बघणाऱ्या माणसाने. पहिल्या वर्षी असे सुमारे ८० लाख रिटर्न निघाले. लोकांना चिडवायला पुरेसा आणि वळवायला अपुरा, असा हा दंड होता.

डिसेंबर २०१७ च्या कर कायद्याने तो २०१९ पासून शून्य केला. सक्तीचं कलम अजून पुस्तकात आहे, समोरची रक्कम तेवढी शून्य. २०२१ मध्ये हा कायदाच रद्द करा असा टेक्सासचा दावा सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने फेटाळला तोही याच कारणाने: शून्य डॉलरच्या दंडाने तुमचं नुकसान झालं तरी कसं?

आणि इथे सक्तीची बाजू मांडणाऱ्यांनी आपली चूक कबूल केली पाहिजे. अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) बजेट ऑफिसने २०१७ मध्ये अंदाज दिला होता की सक्ती काढली तर दहा वर्षांत १ कोटी ३० लाख लोक जास्त विम्याबाहेर जातील आणि वैयक्तिक बाजारातले हप्ते १० टक्क्यांनी चढे राहतील. तसं कोसळणं झालं नाही. २०१९ आणि २०२० मध्ये बेंचमार्क हप्ते (ज्यांवरून अनुदान ठरतं ते) सरासरीने थोडे उतरलेच. त्यात २०१८ च्या अवाच्या सव्वा वाढीचा वाटा होता, पण मुख्य कारण ओबामांच्या कायद्यातल्या हप्ता-अनुदानाच्या सूत्रात आहे. सरकार तुमच्या उत्पन्नाचा ठरावीक टक्का हा तुमचा वाटा मानतं, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर (ब्राँझच्या वरच्या पायरीच्या) योजनेच्या हप्त्यातून तो वजा करून उरलेलं स्वतः भरतं. हप्ता ४०० वरून ६०० झाला तरी अनुदानितांच्या खिशातून जाणारी रक्कम तीच राहते, म्हणून ते हलत नाहीत, आणि घसरगुंडी पहिल्याच पायरीवर अडते. काठीचं बरंचसं काम गाजराने केलं. मात्र गाजरालाही पैसे लागतात आणि ते करातून येतात. तुमच्यावरची सक्ती काढली तेव्हा ती करदात्याच्या पावतीवर गेली, आणि जे अनुदानाच्या रेषेच्या जरा वर होते त्यांना चढे हप्ते स्वतः सोसावे लागले.

मला स्वातंत्र्याच्या बाजूची खरी तक्रार वेगळ्या ठिकाणी दिसते, आणि ती ब्रोकोलीच्या गदारोळात हरवली. विमा घ्या म्हणणं एक आणि हाच जाडजूड विमा घ्या म्हणणं दुसरं. ओबामांच्या कायद्यात दहा प्रकारच्या सेवा वैयक्तिक बाजारातल्या प्रत्येक पॉलिसीत असाव्याच लागतात, बाळंतपण धरून. ६४ वर्षांच्या माणसाला २१ वर्षांच्या माणसापेक्षा फार तर तिप्पट हप्ता लावता येतो, प्रत्यक्ष खर्चाचं प्रमाण मात्र पाचपटीच्या जवळ जातं. तो फरक तुमच्या वयाच्या लोकांच्या हप्त्यातून भरून निघतो. हा छुपा कर आहे, आणि तो उत्पन्न बघून नाही, वय बघून लावलेला आहे: तीस हजार कमावणारा पंचविशीतला पोरगा लाखभर कमावणाऱ्या साठीतल्याला हातभार लावतो. अनुदानाने हे काहीसं झाकलं जातं, मिटत नाही. सक्ती करायचीच तर ती मोठ्या संकटापुरती असावी, कारण दुसऱ्याच्या गळ्यात पडणारं बिल मोठ्या संकटाचंच असतं. सर्दी-खोकल्याच्या भेटींसाठी सक्ती करण्याचं समर्थन मला जमत नाही.

स्वित्झर्लंडने हे बऱ्यापैकी साधलंय. तिथे १९९६ पासून सर्वांना सक्ती आहे, १९९४ च्या सार्वमतातून आलेली. राहायला गेल्यापासून किंवा जन्मापासून तीन महिन्यांत विमा घ्यायचा. पण वर्षाला पहिले किती फ्रँक स्वतः भरायचे हे प्रौढ माणूस ३०० ते २,५०० च्या दरम्यान निवडू शकतो. वरचा आकडा निवडला की हप्ता बराच उतरतो. त्यापुढच्या खर्चाचे १० टक्के, वर्षाला ७०० फ्रँकपर्यंत, स्वतःचे. उशिरा आलेल्याला भुर्दंड बसतो. टाळाटाळ केली त्याच्या दुप्पट काळ, कमाल पाच वर्षं, ३० ते ५० टक्के जादा हप्ता. तरीही कोणी घेतलाच नाही तर कँटन (तिथलं राज्य) त्याच्या नावाने कंपनी नेमून टाकतं.

नेदरलँड्समधली एक तरतूद तर स्वातंत्र्यवाद्यांनी मुद्दाम बघावी. ज्याचा धर्मश्रद्धेमुळे सर्वच प्रकारच्या विम्याला विरोध आहे, त्याला नोंदणी करून सूट मिळते. पण फुकट नाही. हप्त्याच्या जागी तो उत्पन्नावर बदली वर्गणी भरतो, ती सरकारकडे त्याच्या घरच्या खात्यात जमा होते आणि त्याची बिलं त्या खात्यातून भागवली जातात. विवेक शाबूत, आणि भारही दुसऱ्यावर नाही. अमेरिकेतल्या सुटी उलट विचित्र होत्या: १९५० पासून अस्तित्वात असलेला पंथ चालेल, नवा चालणार नाही, आणि खर्च वाटून घेणारं धार्मिक मंडळ १९९९ अखेरपासून चालत आलेलं हवं. जुन्या श्रद्धेला सूट आणि नव्या श्रद्धेला दंड, असा प्रकार. जाता जाता, नोकरीसाठी ॲम्स्टरडॅम-आइंडहोव्हनला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी लक्षात ठेवावं: चार महिन्यांची मुदत ही विचार करायला आहे, हप्ता वाचवायला नाही. चौथ्या महिन्यात घेतला तरी हप्ता पहिल्या दिवसापासून लागतो.

जर्मनीत बाहेर पडण्याचं स्वातंत्र्य कमाईवर मिळतं. वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेच्या (२०२५ मध्ये ती ७३,८०० युरो होती) वर असेल तर सरकारी फंड सोडून खासगी विमा घेता येतो. तिशीत तो स्वस्त पडतो, म्हणून आयटीतले बरेच जण मोहात पडतात. परतीचा रस्ता मात्र अरुंद आहे आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर जवळपास बंद. त्या वेळी खासगी हप्ता वयाबरोबर चढलेला असतो आणि बायको-मुलांचा वेगळा. अमेरिकेच्या मेडिकेअरमध्येही हीच चाल आहे: पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) वेळेवर घेतला नाही तर प्रत्येक पूर्ण बारा महिन्यांच्या उशिराला १० टक्के जादा, बहुतेकांना जन्मभर. त्याला कोणी सक्ती म्हणत नाही, इतकी ती सवयीची झाली आहे.

आता भारताचं. ‘तिथे सक्ती नाही’ हे मेडिक्लेमपुरतं खरं, पण तिथलं स्वातंत्र्य दोन्ही बाजूंना आहे. तुम्हाला न घेण्याचं, कंपनीला न देण्याचं. प्रपोजल फॉर्ममध्ये रक्तदाब लिहिला की लोडिंग, म्हणजे जादा हप्ता; मधुमेहासोबत हृदयविकार लिहिला की वैद्यकीय तपासणी आणि पुष्कळदा नकार, फक्त कारण लेखी द्यावं लागतं. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे बदलणं यांना थांबण्याचा वेगळा काळ. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. ही मर्यादा २०२४ मध्ये चारावरून तीनवर आली. विमा नियामकाने प्रवेशाची ६५ वर्षांची अट त्याच वर्षी काढली, पण दार उघडलं म्हणजे आत घेतलंच असं होत नाही. सक्ती नसलेल्या बाजारात डेथ स्पायरल का होत नाही, याचं उत्तर या प्रतीक्षाकाळांत आहे. तुमच्या आईवडिलांसाठी साठीनंतर पॉलिसी शोधली असेल तर हे ‘स्वातंत्र्य’ तुमच्या ओळखीचं असेल.

आणि भारतात सक्तीचा आरोग्य विमा नाही हेही खरं नाही. १९४८ च्या कायद्याने आलेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) हा तोच आहे. महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्या, कायदा लागू असलेल्या ठिकाणच्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्का कापला जातो, मालक ३.२५ टक्के घालतो. २० हजार पगाराला कामगाराचे १५०, मालकाचे ६५०, मिळून महिना ८०० रुपये. कामगाराने आयुष्यात ईएसआयच्या दवाखान्याची पायरी चढली नाही तरी ‘मला याच्या बदल्यात बाहेरचा विमा घेऊ द्या’ म्हणायची सोय नाही. अरुण जेटलींनी २०१५ च्या अर्थसंकल्पात असा पर्याय देण्याचं जाहीर केलं होतं, पण तो प्रत्यक्षात उतरला नाही. खरी कुचंबणा होते ती उलट्या टोकाला. पगार २१ हजारांच्या वर गेला की चालू वर्गणी काळ, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, संपेपर्यंत कपात चालते. त्यामागून लाभाचा काळही संपतो. वीस वर्षं हप्ते भरलेला पंचेचाळिशीतला मधुमेही बढती मिळाली म्हणून खुल्या बाजारात येतो आणि तिथे त्याला तीन वर्षं थांबा म्हणतात. मागची वीस वर्षं कुठेच जमा धरत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखी ५ लाखांपर्यंतची कवचं मधली फट थोडी बुजवतात, पण तिथे हप्ता करातून जातो. तुम्हाला न विचारताच.

शेवटी तुम्ही काय करावं. तिशीच्या आत असल्यामुळे तुम्हाला कॅटॅस्ट्रॉफिक, म्हणजे मोठ्या संकटापुरती, योजना घेता येते. २०२५ मध्ये तिचं डिडक्टिबल, म्हणजे विम्याआधी स्वतः भरायची रक्कम, ९,२०० डॉलर होतं. प्रतिबंधक तपासण्या आणि वर्षाला डॉक्टरांच्या तीन भेटी त्याआधीही मिळतात. तिच्यावर फेडरल अनुदान मात्र चालत नाही, म्हणून राज्याच्या विमा बाजाराच्या, गेट कव्हर्ड एनजेच्या, साइटवर उत्पन्न घालून ब्राँझशी तुलना करा. राज्याची स्वतःची हप्ता-सवलत दारिद्र्यरेषेच्या ६०० टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळते आणि तुम्ही त्यात बसता. कॅटॅस्ट्रॉफिक योजनेनेही दंड टळतो. तिचा हप्ता महिना १२५ च्या वर जितका असेल तितकीच तुमच्या खिशाला खरी झळ, हे गणित करूनच ठरवा.

स्वस्त म्हणून इंटरनेटवर दिसणाऱ्या व्हिजिटर पॉलिसी, ठरावीक रोख रक्कम देणाऱ्या योजना यांनी दंड टळत नाही. अल्पमुदतीच्या योजना तर न्यू जर्सीत विकायलाच परवानगी नाही. पुण्यात काढलेला मेडिक्लेमही धरत नाहीत. दोन्ही पैसे जातात: हप्ताही आणि दंडही.

कंपनीचा विमा असलेली नोकरी मिळाली आणि सुटली, तर कोब्रा (जुन्या कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवण्याची सोय) निवडायला ६० दिवस असतात, निवडल्यावर पहिला हप्ता भरायला ४५, आणि विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. हप्ता पूर्ण खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत असतो, म्हणून महाग. पण ६० दिवसांत काही झालं नाही तर न निवडता पुढची नोकरी धरता येते, काही झालं तर मागे जाऊन निवडता येतो. एवढी एक खिडकी कायद्यानेच उघडी ठेवलीय. दोन महिन्यांपर्यंतच्या फटीला दंडही नाही. मात्र फट लांबली की तिचे पहिले महिनेसुद्धा माफ राहत नाहीत, सगळेच मोजले जातात. बाजारातली योजना घ्यायची असेल तर नोकरीचा विमा संपल्यापासून तिथेही ६० दिवसच. एच-१बीवर असाल तर नवी नोकरी शोधायची मुदतही फार तर तितकीच, तेव्हा दोन्ही घड्याळं जवळपास एकदमच सुरू होतात. वर्षाच्या सुरुवातीला येणारा १०९५ फॉर्म, म्हणजे विमा असल्याचा दाखला, फेकू नका. एनजे-१०४० या राज्याच्या रिटर्नसोबत शेड्यूल एनजे-एचसीसी भरताना महिनावार खुणा त्यावरूनच करायच्या असतात, आणि ते शेड्यूल कोरं सोडलं तर विमा असूनही दंडाची नोटीस येऊ शकते.